सतरा नंबरचा पाना

मालकाच्या हँगरमधली फरशी इतकी स्वच्छ असते की तिच्यावर थुंकावंसं वाटतं. मी थुंकत नाही. मला तिथे बोलावतात ते काही माझ्या वयाला मान म्हणून नव्हे. त्या जुन्या लढाऊ जेटचं पोट कुठून उघडायचं हे सांगणारा दुसरा माणूस आता जिवंत सापडत नाही, म्हणून. मालक इमारती बांधून मोठा झालाय. कोणाला कुत्री पाळायची हौस असते, याला भंगारात निघालेली लढाऊ विमानं विकत घेऊन परत उडवायची हौस. तिकीट काढून लोक बघायला येतात, टाळ्या वाजवतात, आइस्क्रीम खातात आणि घरी जातात.

यंदाचं विमान माझ्या ओळखीचं होतं. शेपटीवरचा आकडा उन्हापावसानं गेला होता, तरी मी लांबूनच ओळखलं. तरुणपणाची सहा वर्षं मी हवाई दलात त्याच्या पोटाखाली उताणा पडून काढली होती. पुढे ती सगळी विमानं सेवेतून काढली आणि हे एका चौकात सिमेंटच्या खांबावर नेऊन बसवलं. तीसेक वर्षं कबुतरांनी त्यात सुखानं संसार केला. मालकानं ते उतरवून आणल्याचं कळलं तेव्हा मनात आलं होतं, नको म्हणावं. पण बायको गेल्यापासून मी भिंतींशी बोलायला लागलो होतो. म्हटलं, त्यापेक्षा पत्र्याशी बोलू.

त्या सकाळी आम्ही मधली इंधनटाकी बाहेर काढली. आमच्या काळात ही टाकी हँगरमध्ये कोणी काढायचंच नाही, विमान मोठ्या दुरुस्तीला कारखान्यात गेलं तरच ती निघायची, आणि याची ती पाळी यायच्या आधीच ही विमानं सेवेतून निघाली. तिथली इंजिनीअरबाई माझ्या मुलापेक्षाही लहान आहे. कामाला वाघ आणि जिभेला गोड. तिनं टाकीमागच्या पोकळीत नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा सरकवला आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "काका, आत काहीतरी पडलंय."

लोहचुंबकाला चिकटून बाहेर आला तो एक पाना. अर्ध्या इंचाचा, उघड्या तोंडाचा, गंजून तांबडा झालेला. तिनं कापडानं पुसला. अंगावर कोरलेला आकडा स्वच्छ दिसला. सतरा.

"सतरा नंबर कोणाचा होता हो?"

"कोणास ठाऊक," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणून लगेच पुढे जोडलं, "पुष्कळ माणसं होती तेव्हा."

"आणि हे बघा." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. पोकळीतून जाणाऱ्या कंट्रोलच्या दांड्यावर एक खाच होती, बरोबर पान्याच्या तोंडाएवढी. "विमान उलटं झालं की हा उचलला जाऊन इथे सांध्यात अडकत असणार. सरळ झालं की सुटून परत खाली. अडकला की पायलटच्या हातातली स्टिक डावीकडे हलणारच नाही. बिचारा पायलट! कोणाला खरं वाटलं असेल त्याचं?"

कोणालाच वाटलं नव्हतं. माझ्या बहिणीलासुद्धा नाही.

सतरा नंबर माझा होता. आमच्या हँगरमध्ये एक मोठी लाकडी फळी होती, तिच्यावर प्रत्येक हत्याराची, म्हणजे पान्या-पक्कडींची, आकृती काळ्या रंगानं काढलेली. हत्यार अडकवलं की आकृती झाकायची. संध्याकाळी मोजणी व्हायची आणि एक जरी काळी आकृती उघडी दिसली तरी एकही विमान उडायचं नाही. सगळ्यांच्या रजा रद्द. हत्यार सापडेपर्यंत सगळी पलटण गवतात रांगायची आणि ज्याचं हरवलं त्याला पुढचं वर्षभर टोमणे खायला लागायचे. नियम चांगला होता. मी नवीन आलेल्यांना तो छाती फुगवून समजावून सांगायचो.

एकेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी मला तार आली, मुलगा झाला. दुसऱ्या दिवशीपासून रजा मंजूर होती. संध्याकाळी मोजणीच्या तासभर आधी फळीपाशी गेलो तर सतरा नंबरची आकृती माझ्याकडे बघत होती. मी विमानाखाली शोधलं, खिसे शोधले. तार वाचायला मी हँगरमागे गवतात बसलो होतो, तिथेही शोधलं. मग माझ्या डोक्यानं ठरवून टाकलं की पाना गवतातच पडलाय. डोकं फार सोयीचं असतं. फाटकाबाहेर लोखंडी सामानाचं दुकान होतं. तिथून तसाच पाना आणला, ठोकून सतरा आकडा उमटवला, वाळूनं घासला, जुन्या काळ्या तेलात बुडवला आणि फळीवर अडकवला. मोजणी बरोबर भरली. मी सही केली आणि पोराचं तोंड बघायला गेलो.

आठवडाभर ते विमान सरळ उडत राहिलं. मी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या पाहुण्यांसमोर कसरतींची तालीम होती आणि त्या विमानात भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. ते अधिकारी, मी मेकॅनिक. लग्न ठरलं तेव्हा नाकापेक्षा मोती जड होणार म्हणून आमच्याच नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. पण भाऊजींना असल्या गोष्टींची फिकीर नव्हती. उड्डाण झालं की ते अधिकाऱ्यांच्या खोलीत न जाता आमच्यात तेलाच्या डब्यावर बसून चहा प्यायचे. "मला वर पाठवणारा माणूस ओळखीचा असलेला बरा," म्हणायचे.

त्या दिवशी चार विमानं एकदम उलटी झाली. तीन डावीकडे वळली. भाऊजींचं वळलं नाही. शेजारचं विमान त्यांच्यावर आदळता आदळता राहिलं, पाहुणे खुर्च्यांवरून उठले. भाऊजी विमान कसंबसं सरळ करून उतरले. "स्टिक डावीकडे अडकली होती," एवढंच ते सगळ्यांना सांगत होते.

विमान तपासलं कोणी? मी. स्टिक लोण्यासारखी फिरत होती. झाकण उघडून जिथवर बॅटरीचा उजेड पोचला तिथवर बघितलं, काही नव्हतं. टाकीच्या मागे उजेड पोचत नव्हता. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला, "हत्यारांची मोजणी बरोबर होती?" मी म्हणालो, "हो साहेब." पुढे काय बोलणार? सख्ख्या मेहुण्यानंच विमान निर्दोष ठरवलं म्हटल्यावर कागद झटपट झाले. पायलटची पाचावर धारण बसली, असं कोणी लिहिलं नाही. 'मनोधैर्य खचले' असं लिहिलं. अर्थ तोच. तरी ते विमान पुढे कसरतींना कोणी नेलं नाही, पायलट लोक शकुन मानतात.

त्या आठवड्यात ताई माझ्या खोलीवर आली. दार लावून म्हणाली, "ते म्हणतात अडकलं होतं. तू म्हणतोस काही नव्हतं. मला खरं सांग, विमानात काही होतं का?"

"तुझी शपथ, ताई. काही नव्हतं."

ती डोळे पुसून गेली. मी तिची खोटी शपथ घेणार नाही याची तिला खात्री होती. आणि तेव्हा तरी मला गवतच खरं वाटत होतं. ते खरं वाटावं म्हणून मी किती मेहनत घेतली, ते माझं मला माहीत.

भाऊजींनी नोकरी सोडली आणि एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये लागले. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. तिथे त्यांना सगळे 'कॅप्टन' म्हणायचे, आणि का म्हणायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं हसून विचारायची, "कॅप्टन, डावीकडे वळू का?" ते म्हणायचे, "आरशात बघ आणि वळ."

आता पाना टॅबवर नोंदला जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गेला होता. मी मालकाच्या खोलीत गेलो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, तरी सुरुवात तशीच केली. पाना एक दिवस घरी न्यायचाय म्हटलं. मालक आधीच खूश होता.

"काका, काय स्टोरी आहे ही! काचेच्या पेटीत ठेवू, विमानाच्या शेजारी. लोकांना असलं फार आवडतं."

"मग कार्डावर हेही लिहा, की त्या वेळच्या पायलटचा काही दोष नव्हता. त्याला विनाकारण भित्रा ठरवलं."

"ते कशाला? जुन्या चौकशा, उगाच वाद. लोक सुट्टीच्या दिवशी मजा करायला येतात." त्यानं पिशवी माझ्यापुढे सरकवली. "न्या तुम्ही. पण परत आणा हं, ओरिजिनल आहे."

दुपारी ताईकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. भाऊजी खिडकीशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. पंचाहत्तरी झाली तरी पाठ ताठ. ताई मटार सोलत होती. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पाना, दुकान, वाळू, तेल, सही. शेवटी दांड्यावरची खाच सांगितली. मी मध्ये कुठे थांबलो नाही. थांबलो असतो तर परत काहीतरी सोयीचं बोललो असतो.

भाऊजींनी पाना हातात घेतला, फिरवून बघितला. मग उजवी मूठ मांडीवर धरून हळूच डावीकडे झुकवली आणि मध्येच थांबवली.

"इथे," ते म्हणाले. "इथेच अडकली होती ना?"

"हो भाऊजी."

ते हसले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "अरे, या एकेचाळीस वर्षांत मी एकाच माणसाला पटवू शकलो, स्वतःला. अडकलं-बिडकलं काही नव्हतं, मी घाबरलो होतो. पटेपर्यंत फार वर्षं गेली. एकदा पटलं, तशी झोप लागायला लागली. पोराला जवळ बसवून सांगितलं, तुझा बाप त्या दिवशी घाबरला, माणूस घाबरतो, लाज वाटून घेऊ नकोस. त्यानं ते मान्य केलं. तेव्हापासून तो मला जरा सांभाळूनच घेतो, म्हाताऱ्याला घेतात तसं. पंधरा वर्षं झाली." त्यांनी पाना टेबलावर ठेवला. "आता तू हे घेऊन आलास. मी याचं काय करू, सांग."

मी पान्याकडे हात नेला.

"ठेव तो," ताई म्हणाली.

"ताई, मालकाला परत द्यायचाय. मी शब्द दिलाय."

"शब्द?" ती उठली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही. "यांनी मला रात्र रात्र सांगितलं रे, अडकली होती, अडकली होती. आणि मी यांना काय म्हणाले माहितीय? माझा भाऊ माझी खोटी शपथ घेणार नाही. भीती वाटली तर वाटली म्हणा, पण विमानावर आळ घेऊ नका. माझ्या तोंडानं म्हणाले मी हे. त्यानंतर ते माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत." तिनं पाना उचलून स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात टाकला आणि खण बंद केला. "हा इथे राहील. रोज हाताला लागू दे माझ्या. तुला मागायला यायचं असेल तर येऊ नकोस, आणि नुसतं यायचं असेल तरी येऊ नकोस."

"अगं, असू दे," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली आणि खाली बसून शेंगा गोळा करायला लागली. मी वाकलो तशी म्हणाली, "जाताना दार ओढून घे."

दोन दिवसांनी मालकानं विचारलं, "काका, पाना?" उद्या आणतो म्हणालो. हरवला म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं. पण मग मालक फोन फिरवणार, माणूस पाठवणार, आणि तो माणूस ताईच्या दारात उभा राहणार. मी जुन्या बाजारात गेलो. अर्ध्या इंचाचा पाना, उघड्या तोंडाचा, अजून मिळतो. घरी मोरीत बसून सतरा आकडा ठोकला. आकडा हुबेहूब आला. वाळूनं घासला, मग तेल लावलं नाही, मिठाच्या पाण्यात बुडवून चार दिवस गंजू दिला. या वयात माणूस नवीन काही शिकत नाही म्हणतात. मी शिकलो.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी गर्दी खूप होती. मालकानं बोलावलेला पायलट विमान उलटं करून डावीकडे वळला, अगदी सहज, आणि खाली टाळ्या झाल्या. माझ्यासमोर काचेची पेटी होती. कार्डावर लिहिलं होतं, 'एका विसराळू मेकॅनिकची आठवण.' लोक हसून फोटो काढत होते.

इंजिनीअरबाई शेजारी येऊन उभी राहिली. वाकून काचेतून बराच वेळ बघत राहिली.

"काका, हा तोच आहे ना?"

"तोच," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि आपल्या कामाला निघून गेली. तिला माझं खरं वाटलं. लोकांना माझं खरं वाटतं, हीच तर पहिल्यापासूनची रड आहे.