रिकामा खण

"नवं जर्नल घ्यायचं तर एक जुनं बंद करावं लागेल. कुठलं, ते तुम्हीच सांगा," ग्रंथालय समितीच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले आणि ग्रंथपालांनी तोंडाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला.

नव्या जर्नलच्या संपादकांत ग्रंथपालांचे जावई होते. समितीतल्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. मुलीने काल फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बाबा, घरच्याच ग्रंथालयाने नाही घेतलं, तर मी यांना काय तोंड दाखवू?"

ग्रंथालयाची रीत सरळ होती. वाचून झालेले अंक वाचकांनी टेबलावरच ठेवायचे. संध्याकाळी शिपाई ते मोजायचा आणि परत खणांत लावायचा. जे टेबलावर येत नाही, ते कुणी वाचत नाही, असा हिशेब. शेवाळांवरचं जर्नल वर्षभरात एकदाही टेबलावर आलं नव्हतं.

ते वाचणारा माणूस एकच होता, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त सर. पोरं त्यांना शेवाळसर म्हणत. ते खणापाशी उभ्यानेच वाचायचे आणि शिपायाला उगाच त्रास नको म्हणून अंक होता तसा जागेवर ठेवून द्यायचे. ग्रंथपाल आपल्या खोलीच्या काचेतून हे नेहमी पाहत आले होते.

"शेवाळांचं बंद करू," ते म्हणाले. "त्याला कुणी हात लावत नाही."

शेवाळावरच शेवाळ चढलं म्हणा की, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ग्रंथपालही हसले.

नवं वर्ष लागलं तसे शेवाळसर आले. रिकाम्या खणापुढे बराच वेळ उभे राहिले. ग्रंथपालांनी फायलीत डोकं खुपसलं, पण सर दारातच येऊन उभे राहिले.

"अंक आला नाही वाटतं अजून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"टपालाचं काही खरं नाही हो हल्ली," ग्रंथपाल म्हणाले.

"असू दे. तुम्ही तरी काय करणार? इतकी वर्षं माझ्या एकट्यासाठी मागवताय, तेच खूप झालं."

सर परत खणापाशी गेले. शेजारच्या खणात जावयांच्या जर्नलचा कोरा अंक वाकडा पडला होता. तो त्यांनी नीट उभा केला. मग खिशातून रुमाल काढला आणि आपल्या रिकाम्या खणातली धूळ अगदी कोपऱ्यापर्यंत पुसून घेतली.