सातवी प्रत

सर्व्हर सकाळीच बंद पडला होता, पण खरी भीती बारा चाळीसला समोर आली. नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीत बॅकअपच्या सात प्रती होत्या. दिरानं एकेक उघडून पाहिली, तेव्हा सहा रिकाम्या निघाल्या. पेटीतली एक डिस्क सहा दिवसांपूर्वीच बिघडली असावी. तरी रोज दुपारी ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश येई आणि त्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त जेवायला जात.

“सातवीत सगळं आहे, वहिनी.”

“मग तोंड का उतरलंय, भावजी?”

“एक वाजता पेटी ती पुसणार.”

वहिनी कृत्रिम नाक-कान घडवत. त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेतले संगणक दीर सांभाळे. पेटीत जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यानंच क्रम लावून दिला होता : आधी सर्वांत जुनी प्रत पुसायची, मग नवी घ्यायची, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे कुणाचं काम अडणार नाही. हा क्रम थांबवायला पेटीचा पासवर्ड लागत होता. तो त्यानं अगदी जपून ठेवला होता, बंद पडलेल्या सर्व्हरवर.

“पेटीचा प्लगच काढा ना.”

“तिची एक डिस्क आधीच आचके देतेय. पुन्हा उठली नाही तर हेही गेलं.”

“उतरवायला किती वेळ?”

“असल्या डिस्कवरून सगळं उतरवायला दीड दिवस.”

वहिनींनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर एक बस-कंडक्टर आणि त्याची बायको बसली होती. गाठीबरोबर त्याचं नाकही गेल्या आठवड्यात काढून टाकावं लागलं होतं. चेहऱ्याच्या मधोमध चौकोनी पट्टी होती. शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या एका स्कॅनखेरीज त्याचं नाक आता कुठेही उरलेलं नव्हतं.

“बाकीच्यांची मापं पुन्हा घेता येतील,” त्या म्हणाल्या. “यांचं तेवढं काढा.”

“फाइलींना नावं नाहीत, नुसते नंबर. नंबरांची यादी सर्व्हरवर. भेटीच्या वहीत फक्त नाव आणि फोन.”

वहिनी बाहेर गेल्या. काही तरी गोड बोलून नंबर विचारता आला असता. पण त्यांनी घडलं ते सांगितलं, वेळ किती उरला तेही. कंडक्टरची बायको पिशवीत कार्ड शोधू लागली.

“राहू दे,” कंडक्टर पट्टीआडून गेंगाण्या आवाजात म्हणाला. “दोनशे चौदा. बावीस वर्षं नंबरच वाचतोय मी.”

बारा सत्तेचाळीस. दिरानं फाइल ओढली. पडद्यावर अंदाज उमटला : चौदा मिनिटं.

कुणी बसलं नाही. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. त्याला जा म्हणायचा धीर कुणाला झाला नाही. एक वाजला तेव्हा सत्त्याऐंशी टक्के झाले होते, आणि पडद्यावरच्या शेजारच्या खिडकीतून एकशे एक नंबर नाहीसा झाला. मग एकशे दोन. पेटी क्रमानं पुसत निघाली होती.

“उघडी फाइल पुसते का ती?” वहिनींनी विचारलं.

“माहीत नाही,” दीर म्हणाला.

एकशे साठ. एक्क्याण्णव टक्के. एकशे नव्वद. कंडक्टरच्या बायकोनं नवऱ्याचं मनगट धरलं. दोनशे पाच, दोनशे सहा. अठ्ठ्याण्णव. दोनशे अकरा नाहीसा झाला तेव्हा शंभर टक्के होऊन पट्टा भरला. दिरानं माउसवरचा हात उचलला नाही. थोड्याच वेळात मूळ दोनशे चौदाही गेला.

“उघडा,” वहिनी म्हणाल्या.

राखाडी रंगाचा चेहरा पडद्यावर हळूहळू पूर्ण झाला. नाक डावीकडे किंचित झुकलेलं होतं. कंडक्टर दारातून पडद्यापाशी आला.

“वाकडंच ठेवा बरं का. सरळ केलंत तर ही घरात घेणार नाही.”

“घेईन,” बायको डोळे पुसत म्हणाली. “तिकीट काढलंत तर.”

दोघं मापाच्या खुर्चीकडे गेल्यावर वहिनींनी भेटीची वही उघडली. एकशे एकोणतीस जणांना पुन्हा बोलवायचं होतं.

“मी करतो फोन,” दीर म्हणाला. “सर्व्हर बिघडला असं सांगू?”

“सर्व्हर सकाळी बिघडला, भावजी. प्रती सहा दिवस रिकाम्या होत्या.”

त्यानं मान खाली घातली, पहिला नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच म्हणाला, “नमस्कार. माझ्या हातून एक चूक झाली आहे.”