‘बस’ म्हटलं की उडी

आमच्या गल्लीतल्या ड्रिलमास्तरांचा आवाज काय चीज होती, हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. शाळेच्या मैदानावर त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की पोरं ताठ व्हायचीच, पण तारेवरची कबुतरंही सरळ रांगेत यायची. पलीकडच्या दवाखान्यात कंबर धरून बसलेले पेशंट ताडकन उभे राहून बरे होऊन घरी जायचे. डॉक्टरांनी म्हणे शाळेकडे तक्रार नेली होती, की यानं आमचा धंदा बुडतो. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

असे हे मास्तर निवृत्त झाले आणि थोरल्या बहिणीकडे राहायला आले. तिला सगळी इमारत आक्का म्हणायची. आक्कांना ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र होतं, पण ते चमच्यांच्या खणात पडलेलं असायचं. लावलं की शेजाऱ्यांची भांडणं ऐकावी लागतात, आणि एकाच्याही भांडणात दम नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा भावाबहिणीची जोडी झकास जमली. एकाला ओरडल्याशिवाय बोलता येत नव्हतं आणि दुसरीला ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

भाऊ यायच्या आधी आक्कांची एक खुर्ची होती, दाराकडे तोंड केलेली. बेल वाजलेली कळायची नाही, म्हणून त्या दिवसभर तिथेच बसून दाराकडे बघत राहायच्या. कोणी आलंच तर फटीखाली सावली दिसेल म्हणून. भाऊ आला तरी खुर्ची सुटली नाही, कारण तो सदा बाहेर.

मग एक दिवस बेकरीच्या मागच्या दाराशी आक्कांना कुत्रा सापडला. एक कान उभा, एक पडलेला, आणि शेपटीचा बाकीच्या अंगाशी काही संबंध नसल्यासारखा. त्याला कोणी काही शिकवलं नाही. बेल वाजली की तो येऊन आक्कांच्या गाऊनची कड धरून ओढायचा. दूध वर यायला लागलं की ओट्याशी जाऊन भुंकायचा आणि मग बोलवायला यायचा. महिना उलटायच्या आत आक्का खुर्चीवरून उठल्या. गॅलरीत जाऊन बसू लागल्या, बागेत जाऊ लागल्या, आणि खुर्चीवर रद्दीचा ढीग चढला. आक्कांनी कुत्र्याचं नाव ठेवलं शहाण्या.

इमारतीनं ठेवलं भूकंप.

कारण गडी एरवी गायीसारखा गरीब, पण कोणी ‘बस’ म्हटलं की संपलंच. थेट छातीवर उडी. पोस्टमनची टोपी गेली, इस्त्रीवाल्याचे कपडे पुन्हा धुवायला गेले. लोक जितकं ठासून ‘बस’ म्हणायचे तितका तो उंच उडायचा. शेवटी गाठ पडली ती इमारतीच्या सेक्रेटरीशी, म्हणजे ज्यांनी जिन्यात शिंकायलाही वेळ ठरवून दिली होती त्या गृहस्थांशी. ते अंड्यांचा ट्रे घेऊन वर येत होते, शहाण्या आक्कांबरोबर गुमान खाली उतरत होता. सेक्रेटरींनी खबरदारी म्हणून एक हात वर केला आणि हुकूम सोडला, “बस!”

पुढे वरच्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जे काही वाहत आलं, त्यात मीठमिरची घातली असती तर इमारतीचा नाश्ता झाला असता.

सेक्रेटरींनी पालिकेत तक्रार केली. तिकडून निरोप आला की जनावरांचे डॉक्टर येऊन कुत्रा तपासतील. सांगितल्यावर बसला तर ठीक, नाही तर गावाबाहेरच्या पिंजऱ्यात रवानगी. मास्तरांनी ही बातमी आक्कांना दोनदा ओरडून सांगितली. आक्का म्हणाल्या, मला काही ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाहिलं, तर खुर्चीवरची रद्दी खाली ठेवलेली होती आणि खुर्ची पुसून ठेवली होती.

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या आपण सरळ केल्या, त्यांच्यापुढे या चार पायांची काय कथा, असं म्हणून त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली आणि शहाण्याला गच्चीवर नेलं. “बस!” शहाण्याची उडी. आवाज चढवून “बस!” त्याहून उंच उडी. त्याचं बूड धरून खाली दाबलं, तर त्याला वाटलं मालिश चाललंय, तो आडवाच झाला. आठवडाभर गल्ली त्या एका शब्दानं दणाणत होती. समोरच्या बाकावरचे आजोबा उठायला घाबरू लागले. रस्त्यावरून जाणारी बस तर स्टॉप नसताना दर वेळी गच्चीखाली थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, कोणीतरी हाक मारतंय. ऐकत नव्हता तो एकटा शहाण्या.

आणि मग मास्तरांचा आवाज बसला. चांगलाच बसला, कुत्र्याला जे जमलं नाही ते आवाजानं करून दाखवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, मान हलवली आणि बजावलं, मी सांगेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. काढलात तर उरलेलं आयुष्य शिट्टीवर काढाल.

आता घरात एकाला बोलायला बंदी आणि दुसरीला ऐकू येत नाही. करायचं काय, तर बघायचं. मास्तर जन्मात पहिल्यांदा नुसते बसून बघू लागले.

जेवणाच्या टेबलाशी त्यांना ते दिसलं. आक्कांची वाढायची एक रीत होती. नजर सगळी पळीवर, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं म्हणून नाही. मास्तर रोज पंजा आडवा धरून “बस, बस, बस!” असं ओरडायचे, आक्कांना ते ऐकू जायचं नाही, पळी यायची ती पंजावर आपटायची आणि बटाट्याची फोड टुणकन उडून टेबलाखाली. दोन्ही जेवणांना हेच. कोणाच्या लक्षातही यायचं नाही, कारण खाली वाकून फोड शोधावी लागत नव्हती, ती शहाण्यानं वरच्यावर झेललेली असायची.

त्या दिवशी शब्द नव्हता, म्हणून मास्तरांनी नुसता हात वर केला. टेबलाखालून एक उभा कान वर आला, पाठोपाठ पडलेलाही. शहाण्या मागच्या पायांवर तोललेला, डोळे पळीवर. मास्तरांनी त्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यात द्वाडपणा कुठेच नव्हता. उत्तर येतंय म्हणून पहिल्या बाकावरून हात वर करणाऱ्या पोराचा चेहरा असतो, तो चेहरा होता. मास्तरांनी हात खाली घेतला, शहाण्या खाली. हात वर, शहाण्या वर.

मास्तर हसू लागले. आवाज नव्हता, त्यामुळे नुसते खांदे गदगदत होते.

“काय झालं रे धाकट्या?” आक्का म्हणाल्या. “घास अडकला का?” आणि त्यांनी पाठीत असा धपाटा घातला की खरंच अडकला असता तर समोरच्या इमारतीत जाऊन पडला असता.

घसा सुटला, पण मास्तरांनी आवाज पूर्वीचा काढलाच नाही. त्यांनी शहाण्यासाठी नवा शब्द निवडला, मैदानावरचाच, पण तिथे घाईत म्हणायचा राहून जायचा तो: विश्राम. उकडलेल्या बटाट्याची फोड नाकाशी धरायची, हळूच डोक्यावरून मागे न्यायची. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं, दाबावं लागत नाही. बूड टेकलं की हलकेच “विश्राम” आणि फोड तोंडात. नाही टेकलं तर मास्तर कुत्र्याला म्हणायचे, थांब हं, माझं काहीतरी चुकलं. हे वाक्य शेजाऱ्यांनी भिंतीतून ऐकलं आणि मास्तरांची तब्येत बरी आहे ना, म्हणून चौकशीला आले.

शहाण्या दोन दिवसांत तयार झाला. आक्का झाल्या नाहीत. वाढताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच त्यांना शिकायचं होतं, पण त्यांना बटाटा दाखवूनही उपयोग नव्हता.

जनावरांचे डॉक्टर यायचा दिवस उजाडला. दारात उभा राहिला एक उंच, चष्मेवाला, गंभीर माणूस. मास्तरांना पाहताच त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. मास्तरांनीही ओळखलं. हा डावखुऱ्या. शाळेत ‘उजवीकडे वळ’ म्हटलं की दर खेपेला डावीकडे वळणारा. पाण्याच्या टाकीजवळ उन्हात जितका हा उभा राहिला तितकं तिथलं झाडही राहिलं नसेल.

सेक्रेटरी साक्षीला आले होते, आणि त्यांचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा होता.

मास्तर हळूच म्हणाले, विश्राम. शहाण्या टेकला. डॉक्टरांनी बाहेर जाऊन बेल वाजवली, शहाण्यानं आक्कांना दाराशी ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, चांगला आहे की. आक्कांना ते ओठांवरून कळलं आणि आनंदानं त्यांनी केकच कापायला घेतला. डॉक्टरांच्या बशीत एक तुकडा. दुसरा. नजर सुरीवर. तिसरा येताना पाहून डॉक्टरांनी हात आडवा धरला.

“बस, बस, आक्का.”

मास्तरांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा डॉक्टर खुर्चीसकट मागे कलंडून भिंतीला टेकलेले, त्यांच्या मांडीवर शहाण्या, शहाण्याच्या तोंडात केक, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर क्रीम.

“झालं ना तुमचं समाधान?” सेक्रेटरी म्हणाले.

आक्कांनी काही ऐकलं नाही, पण बघितलं सगळं. त्यांनी हातातली सुरी ठेवली, दाराकडच्या त्या खुर्चीपाशी गेल्या आणि बसल्या.

ते बघून मास्तर पुढे आले. पळी, पंजा, टेबलाखालचा कान, सगळं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाले, “तो चुकला नाही. आम्ही शिकवलं तेच त्यानं जीव ओतून केलं. पिंजऱ्यात घालायचं तर मला घाला.”

डॉक्टरांनी चष्मा पुसून नाकावर चढवला.

“सर, एक विचारू? ‘उजवीकडे वळ’ म्हणताना तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभे राहायचात. आणि हात दाखवायचात. कुठला?”

मास्तरांनी डॉक्टरांसमोर उभं राहून आपला उजवा हात बाजूला केला. हाताकडे पाहिलं. डॉक्टरांकडे पाहिलं. तो हात डॉक्टरांच्या डावीकडे होता.

“बाकीचे कानांनी ऐकायचे,” डॉक्टर म्हणाले. “मी तुमच्याकडे बघायचो.”

मास्तर सावकाश वळले. त्यांनी डॉक्टरांकडे पाठ केली, उजवा हात बाजूला धरला आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “उजवीकडे वळ.”

डॉक्टर उठले आणि क्रीमसकट, कडेवर कुत्रा घेऊन, टाचेवर असे उजवीकडे वळले की मैदानावर टाळ्या पडल्या असत्या.

“शाबास,” मास्तर म्हणाले. ते आपल्यालाच, असं समजून शहाण्यानं शेपटी हलवली, आणि क्रीमचा एक थेंब सेक्रेटरींच्या कॉलरवर जाऊन बसला.

डॉक्टरांनी मग सेक्रेटरींना विचारलं, की जिन्यात तुम्ही याला काय म्हणाला होतात. सेक्रेटरी म्हणाले, बस. मग त्यानं तुमचं ऐकलं की, डॉक्टर म्हणाले. कुत्रा शिकलेला आहे, तो इथेच राहील. शिकवणीची गरज इमारतीला आहे.

ती शिकवणी गच्चीवर सुरू झाली आणि आता तिथे गावभरची कुत्री येतात. कोणाचं गुरगुरतं, कोणाचं सोफे खातं, एकाचं तर मालकाला घरात घेत नाही. मास्तरांचा पहिला धडा ठरलेला: मालकानं तोंड मिटून बसायचं आणि कुत्रं काय सांगतंय ते बघायचं. भलेभले पहिलवान आरडाओरडा करत जिना चढतात आणि उतरताना कुजबुजत जातात. सेक्रेटरींनीही एक पिल्लू पाळलंय. त्यानं त्यांची सगळी नियमावली चघळली, तेव्हापासून माणूस बराच मोकळा झालाय.

आक्कांची खुर्ची अजून दाराकडे तोंड करूनच आहे. तिच्यावर शहाण्या झोपतो, म्हणून पाहुण्यांना दुसरी शोधावी लागते. आणि तुम्ही कधी त्या घरी गेलात तर एवढं लक्षात ठेवा, की तिथे तुम्हाला कोणी ‘बसा’ म्हणणार नाही. मान नाही म्हणून रागावू नका. आक्का दार उघडतील, तुमच्या तोंडाकडे बघून हसतील आणि म्हणतील, “या, टेका.”