काळे बुश

"पिवळे घ्या," दुकानदार म्हणाला. "कडक माल आहे. दहा वर्षं बघायला नको."

काउंटरवर दोन जोड्या होत्या. एक पिवळी, कडक. दुसरी काळी, साध्या रबराची. गाडीच्या मागच्या चाकांना धरणाऱ्या आर्ममध्ये हे बुश बसतात आणि रस्त्याचा दणका आधी स्वतः खातात. आमची गाडी सव्वीस वर्षांची, तिच्यातले पार झिजून गेले होते. दर मंगळवारी बाबा मागच्या सीटवर आडवे होऊन दवाखान्यात येतात. कॅन्सर मणक्यात पोचलाय. प्रत्येक खड्ड्याला ते ओठ चावतात आणि मला ते आरशात दिसतं. रुग्णवाहिकेचं नाव काढलं की म्हणतात, "का, माझ्या गाडीची चाकं चोरीला गेली?"

"काळे द्या," मी म्हणाले.

"ताई, तुम्ही स्वतः गॅरेजवाल्या. हे मऊ असतात, तीन वर्षांत फाटतील. गाडी किती वर्षं ठेवायचीय?"

बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांचंही नाव घेतलं नव्हतं. "काळे द्या म्हटलं ना!" मी ओरडले.

त्याच तिरमिरीत दुपारी बुश बसवले. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत होती, आणि मी तशाच स्थितीत नट करकचून आवळले. मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक लागला. बाबा कळवळले. मग मागून म्हणाले, "लटकत्या गाडीचे नट आवळलेस ना?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"गाडी खाली टेकली की रबर पिळवटतं, मग ते दणका कसला खाणार? माझ्या हाताखाली शिकलीस म्हणून सांगू नकोस कुणाला."

"तुम्हाला घरी सोडते आणि लगेच करते."

"मला सोडून कशाला? नट आवळताना गाडीवर वजन नको? येताना गॅरेजला घे. मी पडतो इथेच."

परतताना गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर, चाकांवरच उभी केली. मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत सवयीने बोटं घातली. चार मावली. बाबा मागे बसले की पूर्वी दोनच मावायची. चार मावतात रिकाम्या गाडीत.

मी खड्ड्यात उतरले आणि नट सैल केले. पाना हातात धरून तिथेच रडले.

"काय गं, झालं?" वरून आवाज आला.

"थांबा, वजन नीट येऊ द्या."



"आहे तेवढं आलंय," बाबा म्हणाले. "आवळ."

मी आवळले.

घराजवळ तोच गतिरोधक आला. मी जीव मुठीत धरून चाकं वर चढवली, खाली उतरवली आणि आरशात पाहिलं. बाबा घोरत होते.