सोडलेला जिताडा

"हातात आलेला जिताडा सोडला गो त्यानं! माझ्या डोळ्यांनी बघितलं," शेजारची शरीफा दारातूनच ओरडली, आणि बतूलची तव्यावरची भाकरी करपली.

मासा सोडणं हा अष्टमी गावात काही गुन्हा नाही, पण या आठवड्यात होता. बतूलच्या घराण्याची रीत अशी, की मुलाकडून जिताडा यायचा. मुलीच्या आईनं तो आपल्या हातानं कापायला घेतला की निकाहची तारीख पक्की, माघारी पाठवला की विषय संपला. तिच्या लेकीसाठी, इकरासाठी, निडी गावच्या अफानकडून जिताडा यायचा होता शुक्रवारी. आणि हाच अफान भर नदीत जिताडा धरून सोडून देतो? तेही शरीफासमोर, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही?

बतूलला हा पोरगा पहिल्यापासून जरा जास्तच गोड वाटला होता. इतकी वर्षं स्कॉटलंडच्या हॉटेलात काढली, आणि एकटाच राहिला म्हणे. मासा सोडून त्यानं निरोपच धाडला असेल तर? नको म्हणायला तोंड नसलं की माणसं असलेच चाळे करतात.

"त्याला फोन करून सांगू नको मी येत्येय ते," तिनं इकराला बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज आटोपून, शाल गुंडाळून ती शरीफानं सांगितलेल्या नदीच्या पुलाखाली उतरली. थंडी सरत आली होती, पण वरच्या धरणातून सोडलेलं पाणी अजून हाडं गोठवत होतं. त्यात अफान रबराची विजार घालून मांडीभर उभा, आणि गळाची लांबलचक दोरी हवेत नुसती मागं-पुढं झुलवतोय. बतूल झुडपाआडून बघत राहिली. कुणी भेटायला येईल, कुणाचा फोन येईल. कुणीच आलं नाही. ते तिला जास्तच खटकलं.

शेवटी ती पुढं झाली. "गळाला आमिष कुठंय रे?"

अफान दचकला. "सलाम, खाला. कोंबडीचं पीस बांधलंय. माशाला वाटतं माशी हाय."

"म्हणजे फसवतोस."

"व्हय. माशाला."

"आणि काल जिताडा का सोडलास?"

"सवय, खाला. तिकडं याच दिवसांत सॅमन मासा समुद्रातून नदीत चढतो. धरला तरी सोडायचा, असा कायदाच हाय. हात आपोआप उघडला."

"माझ्या लेकीचा हात धरलास की तोपण आपोआप उघडेल काय?"

"नाय."

"तिकडं कोण हाय तुझी?"

"को... कोण नाय."

"नाय म्हणायला एवढा वेळ?"

"थंडीनं जीभ वळत नाय, खाला."

जिभेला मात्र धार आहे, बतूल मनात म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, "शुक्रवारी तळ्यातला विकतचा जिताडा चालायचा नाय. ह्याच नदीतला पायजे, तुझ्या हातचा."

घरी इकरा रडकुंडीला आली. "नदीत जिताडा रोज मिळतो काय, अम्मी? नायच मिळाला तर?"

"तर कळेल, अडलेला माणूस काय करतो ते."

अफान रोज उजाडायच्या आत पाण्यात उतरत होता आणि रिकाम्या हातानं परतत होता. बातमी अर्थात शरीफाची.

शुक्रवारी दुपारी तो आईला घेऊन आला. घमेल्यात चांगला हातभर जिताडा. बतूलनं सलामाला मान हलवली आणि सरळ माशाच्या तोंडात बोट घातलं. गळ लागल्याची खूण कुठंच नाही.

"वडखळच्या तळ्यातला हाय, खाला," अफान म्हणाला. "नदीत नाय मिळाला."

त्याच्या आईनं कपाळावर हात मारला. "गप राहा म्हटलं होतं ना तुला!"

इकरानं सुटकेचा श्वास टाकला, पण बतूलच्या भुवया उतरल्या नाहीत. बोट तोंडात गेल्यावर बोलला. आधी का नाही बोलला? तिनं तिथंच फोन लावला वडखळच्या धोंडुबाईला. जिताड्याची तळी धोंडुबाईचीच. फोनचा आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"धोंडुबाय, सकाळी कोण उंच पोरगा आला होता काय जिताड्याला?"

"आला होता की. आता शपथ घालू नको, बतूलबाय, सांगते. नदीतलाच कुठं द्यायचा होता म्हणे, पण मिळाला नव्हता. मी म्हटलं, थांब, ओठाला गळ टोचून देते, कुणाच्या बापाला कळायचं नाय. तर येडा म्हणतो, नको, जसा हाय तसा द्या."

ओटीवर अफान पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"विळी आण गो," बतूल इकराला म्हणाली, आणि पदर खोचून खाली बसली. पहिला खवला उडाला तशी अफानच्या आईनं डोळे पुसले.

बतूलचे हात मात्र मध्येच थांबले. कपाळाला आठी पडली.

"इतकी वर्षं ही धोंडुबाय मला नदीतले म्हणून जिताडे देत्येय," ती म्हणाली. "लाव गो परत तिला फोन."