काठी आणि पाय यांच्यामधली जागा

‘सदर कुत्री अशिक्षित व बेशिस्त असून तिच्यामुळेच वयोवृद्ध सभासद पडले व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले; सबब तिला उद्या सकाळी पशुवैद्यांकडे नेऊन कायमचे झोपवावे.’ सोसायटीच्या समितीने हा ठराव एकमताने संमत केला. त्यातली दोन्ही विशेषणे खोटी होती, आणि ती खोटी असल्याचे समितीच्या प्रत्येक सदस्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते.

बटण ही एखाद्या जाड शब्दकोशाएवढ्या वजनाची कुत्री. पडलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाने तिला पायालगत चालण्याचे शिक्षण दिले, तेही मजल्यावरच्या उघड्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. पद्धत आधुनिक होती: पट्ट्याला हिसका नाही, आवाज चढवणे नाही, योग्य जागी आली की जिभेने ‘टक्’ आणि लगेच खाऊ. एवढ्याशा जनावरासाठी सारखे वाकावे लागू नये म्हणून तो लांब दांड्याच्या चमच्याला वाटलेली कलेजी लावून चमचा जमिनीशी टेकवी. जिथे चमचा टेकला, ती जागा कुत्र्याच्या मनात कायमची कोरली जाते. शेजारी कौतुकाने थांबत. पोरगा बापासाठी किती करतो, असे म्हणत.

बाप बिछान्यातून समितीच्या सचिवाला हात जोडत होता. चूक माझ्याच पायांची, तिला सोडा, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. उशाशी उभा असलेला मुलगा हळहळला. “मला काय कमी वाईट वाटतंय का, बाबा? पण शेवटी जनावर ते जनावर.”

भावाच्या शुश्रूषेसाठी आलेल्या आत्याने जन्मभर पुराव्याचा कायदा शिकवला होता. हळहळ हा पुरावा नव्हे, हे तिला ठाऊक होते. शेजाऱ्यांकडून तिने त्या चमच्याचे कौतुकही ऐकले होते. सचिव गेल्यावर ती बटणला घेऊन व्हरांड्यात गेली. रिकाम्या हातांनी चालली, तेव्हा कुत्री तिच्या डाव्या पायाशी निमूट चालली. मग तिने कोपऱ्यातली भावाची काठी उजव्या हातात घेतली. बटण तत्काळ मागून वळसा घालून उजवीकडे आली, काठी आणि पाऊल यांच्यामध्ये शिरली, घोट्याला बरगड्या घासत चालू लागली आणि मान वर करून खाऊची वाट पाहू लागली. आत्या अडखळली; भिंत होती म्हणून वाचली. तिने काठी डाव्या हातात घेतली. कुत्रीनेही बाजू बदलली.

अशिक्षित कुत्रे काठी पाहून लांब पळते. काठीच्या आत शिरण्यासाठी शिक्षण लागते, आणि तेही उत्तम.

आत्या काठी घेऊनच खोलीत परतली आणि भावासमोरच तिने भाच्याला विचारले, “तुझे पाय धडधाकट आहेत. मग हिला शिकवताना हातात काठी कशाला होती?”

तिला काठीची सवय व्हावी म्हणून, असे तो म्हणाला. बाबा काठी घेऊनच फिरतात ना.

“चांगलं केलंस. मग चमचा काठीच्या बाहेर का नाही टेकवलास?”

बापाने तेवढ्यातही पोराला वाट करून दिली. “चुकून झालं असेल गं त्याच्याकडून. तो काय मुद्दाम करणार आहे?”

“चुकून असेल तर तसंच समितीला सांगू दे, दादा. नाही सांगितलं, तर सकाळी सगळ्यांसमोर मी याच काठीने चालून दाखवेन.”

मुलगा खुर्ची ओढून बसला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. वैतागच होता, नीट जमलेले काम ऐनवेळी कोणीतरी बिघडवल्याचा. बापाकडे न पाहता तो जे बोलला, ते शब्दशः असे:

“जीव घ्यायचा असता तर जिन्यावर शिकवलं असतं, आत्या. एकदा पडावेत, घाबरावेत आणि मुकाट्याने वृद्धाश्रमात जायला तयार व्हावेत, एवढंच हवं होतं. हाड मोडेल असं खरंच वाटलं नव्हतं. कुत्रीवर ढकलता येईल, हे मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.”