चेहरा सोडून

मामाचा एकच नियम होता: चेहरा सोडून.

बाकी सगळं चालायचं. बरगड्या, पाठ, पोटऱ्या, मानेची मागची बाजू. चेहरा मात्र पोस्टरवर होता, शांपूच्या बाटलीवर होता, शाळकरी मुलींच्या दप्तरांवर होता, त्यामुळे त्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. मामा पूर्वी बॉक्सिंग शिकवायचा. भाचा गायला लागल्यावर त्याने ते बंद केलं आणि आपले दोन सर्वांत धिप्पाड विद्यार्थी अंगरक्षक म्हणून आणले. त्यांनाही पहिल्याच दिवशी नियम सांगितला. एकाने तो वहीत लिहून घेतला.

पोस्टरवर भाच्याचं नाव राजकुमार, घरी बाळ्या. वय तीस, आवाज एकोणीस. म्हणजे असं, की पहिला अल्बम एकोणिसाव्या वर्षी निघाला, तुफान चालला, आणि मामाला तोच आवाज पसंत पडला. पुढे बाळ्याचा आवाज जाड झाला, जरा खरखरीत झाला. मामाने त्याला सरळ निवृत्त केलं. अकरा वर्षं स्टेजवर रेकॉर्डिंग वाजत होतं आणि बाळ्या तोंड हलवत होता. मिक्सरवरचं त्याच्या माइकचं बटण खाली ओढून त्यावर चिकटपट्टी मारलेली होती. पट्टी जुनी झाली की साउंडवाल्या ताई नवी लावायच्या.

मागच्या मंगळवारी मामाने वाद्यांच्या टेम्पोचं दार उघडलं, तर आत बाळ्या आणि ड्रमर एकमेकांच्या गळ्यात पडलेले. मामाने ड्रमरचा उजवा हात दाराच्या फटीत ठेवला आणि दार लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं, कारण पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं. तीन बोटं मोडली. ड्रमही रेकॉर्डिंगमधलेच असल्यामुळे कार्यक्रमांना काही अडचण आली नाही; ड्रमर प्लास्टर घालून मागे बसायचा.

"तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" मामाने त्या दिवशी बाळ्याच्या पाठीवर गुडघा रोवून विचारलं.

"आईला माहितीये. सतरा वर्षांचा असताना सांगितलंय तिला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू मारतोस म्हणून."

मामाने यावर विचार केला आणि मारलं.

आज भर दुपारी स्टेडियममध्ये कार्यक्रम होता. चौथ्या गाण्यानंतर बाळ्याने एका नटीच्या बोटात सगळ्यांसमोर अंगठी घालायची, असं मामाने परस्पर ठरवून टाकलं होतं. बाळ्या तिला दोनदा भेटला होता. दोन्ही वेळा ती ड्रमरकडेच बघत होती. तेवढं एक त्यांच्यात जुळत होतं.

अंगठी त्या बोटात गेली की सगळंच गेलं, हे बाळ्याला कळत होतं. इस्पितळाच्या बाकावर बसून, ड्रमरच्या हाताचं प्लास्टर वाळेपर्यंत, त्याने एक गाणं केलं होतं. स्वतःचं, स्वतःच्या जाड आवाजाचं, त्याच्यासाठी. ते चौथ्या गाण्याच्या आधी गायचं होतं. नंतर गाऊन काय उपयोग?

तो मिक्सरपाशी गेला. ताई डबा खात होत्या.

"ताई, आज ती पट्टी काढा ना."

"मामा मारतील."

"चेहरा सोडून मारतील."

"तुझा सोडतील. माझं कुठे पोस्टर आहे?"

"माझं गाणं आहे एक," बाळ्या म्हणाला.

"बरंय का?"

"बरंय."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "हे बघ बाळा, तो चेहरा विकला जातोय ना, तोवर ही पट्टी काही निघायची नाही. मी लावते म्हणून नाही हं. मी नसते तर दुसऱ्या कुणी लावली असती."

बाळ्याने मान हलवली. ताईंना वाटलं पोरगं समजुतीचं आहे.

पहिलं गाणं सुरू झालं. 'राणी गं, तुझ्यावाचून मी अर्धा...' बाळ्या मधोमध उभा राहिला आणि त्याने तोंड मिटून घेतलं. आवाज गातच राहिला. मग कुणीतरी ओरडलं, "पोटातून गातोय रे!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामा पडद्यामागून धावत आला, मागे दोघे अंगरक्षक. पहिली लाथ पोटरीवर बसली, दुसरी कमरेत. बरगडीवर ठोसा बसला तेव्हा आतून काड्यापेटी चिरडल्यासारखा आवाज आला. मागच्या बारा नर्तकांना वाटलं स्टेप बदलली, म्हणून त्यांनीही लाथा झाडायला सुरुवात केली. वर एकोणीस वर्षांचा राजकुमार गोड गळ्याने राणीला चंद्र आणून देत होता.

बाळ्या उठला आणि त्याने चेहरा पुढे केला. येणारा ठोसा हवेतच वळला आणि शेजारच्या नर्तकाला लागला. बाळ्या चेहरा घेऊन पहिल्या अंगरक्षकावर चालून गेला. तो बिचारा हात मागे बांधून उलटा सरकत सरकत स्टेजवरून खाली पडला. काहीतरी मोडलं. मामाने माइकचा स्टँड उचलला आणि बाळ्याच्या गुडघ्यावर नेम धरून सगळ्या ताकदीने फिरवला.

बाळ्या वाकला. नीट, शांतपणे, बुटाची नाडी बांधायला वाकावं तसा. स्टँड सणसणीत तोंडावर बसला.

दोन दात उडाले. एक पहिल्या रांगेतल्या चाहतीने झेलला. नाक डाव्या गालाकडे गेलं ते तिथेच राहिलं.

"तोंड मध्ये का घातलंस रे!" मामा किंचाळला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

उरलेल्या अंगरक्षकाने वही काढून पाहिली. "मामा, आता नियम काय?"

मामाला सांगता येईना.

तिकडे ताईंनी मोठ्या पडद्यावर तो चेहरा पाहिला. हा आता शांपूच्या बाटलीवर जायचा नाही, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि नखाने पट्टी खरवडायला घेतली. ती लवकर निघेना. शेवटी दातांनी काढली.

बाळ्याने माइक उचलला. आधी स्टेडियमभर फक्त त्याचा श्वास ऐकू आला, रक्ताचे बुडबुडे फुटत असलेला. मग तो गायला लागला. आवाज जाड होता, दातांच्या फटीतून शीळ वाजत होती. गाण्यात टेम्पो होता, दार होतं आणि दारात ठेवलेला हात होता. मागे ड्रमरने प्लास्टरचा हात खऱ्या ड्रमवर आपटला. तो कळवळला, आणि पुन्हा आपटला. पहिली बाटली त्याला लागली, दुसरी बाळ्याला. अर्धे लोक शिव्या देत उठले. दात झेललेली चाहती उठली नाही.

मामा चालत आला, त्याने मूठ वळली आणि सरळ बाळ्याच्या तोंडावर हाणली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने बाळ्याला इतर माणसांसारखं मारलं. बाळ्या कोसळला, पण मामाही मनगट धरून त्याच्या शेजारी बसला.

"बाळ्या, माझा हात गेला रे," तो कण्हला, आणि ते चाळीस स्पीकरमधून गावभर ऐकू गेलं.

"बाजूला हो मामा," बाळ्या म्हणाला. तेही ऐकू गेलं.

मामा बुडावर बसल्या बसल्या बाजूला सरकला. बाळ्याने रक्त थुंकलं, एका गुडघ्यावर उठून मागे वळून पाहिलं. ड्रमरने डाव्या हाताची काठी वर केली होती.

"दुसरं कडवं," बाळ्या म्हणाला.